एका प्रयोगावरून

'प्रयोग' हा शब्द मराठीत दोन नोकऱ्या करतो. दिवसा प्रयोगशाळेत, संध्याकाळी नाट्यगृहात. 'परीक्षण'ही तसाच. शोधनिबंधाचं परीक्षण होतं, नाटकाचं परीक्षण छापून येतं आणि एकांकिका स्पर्धेत तर परीक्षक समोरच बसलेले असतात. शब्द सारखे असले तरी सवयी अगदी उलट. आमच्याकडे कुणी एकदाच केलेल्या प्रयोगावरून ठाम काही बोलायला लागलं की ग्रुप मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येतो, ''एन किती?'' म्हणजे किती वेळा करून पाहिलंस? नाटकाबद्दल मात्र 'एन बरोबर एक' असलेलं विधान आपण बिनतक्रार वाचतो. समीक्षक शुभारंभाचा प्रयोग बघतो, आठवड्याभरात परीक्षण येतं, आणि त्यातली एक गोड ओळ शंभराव्या प्रयोगाच्या जाहिरातीपर्यंत नाटकाला चिकटून राहते.

तर आजचा विषय हा. नाटक, मैफल, महोत्सव अशा जिवंत कलेचं परीक्षण नेमकं कशाचं माप घेतं? आणि या मापावर जे संशोधन झालंय त्यातलं किती खरं धरायचं? माझा पीएचडीचा विषय याच्या आसपासही नाही, मी दिवसभर पातळ थरांचा विद्युतरोध मोजते. पण मोजमाप कुठे फसतं हे बघणं हा माझा रोजचा धंदा आहे, आणि नाटक हे व्यसन. दोन्ही एकत्र आल्यावर राहवत नाही.

आधी सगळ्यात गाजलेला पेपर घेऊ. चिया-जुंग त्साय या संशोधक स्वतः शिकलेल्या पियानोवादक आहेत. त्यांचा हा पेपर २०१३ साली 'पीएनएएस' या नियतकालिकात आला. त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधल्या पहिल्या तीन क्रमांकांच्या वादकांचे छोटे छोटे तुकडे घेतले, सहा-सहा सेकंदांचे. काही लोकांना फक्त आवाज ऐकवला, काहींना फक्त चित्र दाखवलं (आवाज बंद), काहींना दोन्ही. विचारलं एवढंच, की या तिघांतलं पहिलं कोण आलं असेल ते ओळखा. डोळे झाकून ठोकून दिलं तरी ३३ टक्के वेळा बरोबर यायला हवं. बहुतेकांनी आधीच सांगितलं होतं, संगीत आहे म्हटल्यावर महत्त्वाचा आवाजच. प्रत्यक्षात आवाज ऐकणाऱ्यांना अंदाजपंचेपेक्षा जास्त काही जमलं नाही आणि मुकं चित्र बघणारे निम्म्याच्या आसपास बरोबर निघाले. गंमत म्हणजे हे व्यावसायिक संगीतकारांच्या बाबतीतही झालं.

यावर जगभर बातम्या झाल्या. 'आपण गाणं डोळ्यांनी ऐकतो', 'तज्ज्ञांनाही कळत नाही' वगैरे. अशा वेळी मराठी माणूस लगेच म्हणतो, ''मी म्हणत नव्हतो? सगळं लॉबिंग असतं.'' थांबा जरा.

पहिली गोष्ट, विचारलेला प्रश्न 'चांगलं कोणी वाजवलं?' असा नव्हताच. 'परीक्षकांनी कोणाला निवडलं?' असा होता. या दोन प्रश्नांत फरक आहे, आणि बातम्यांमध्ये तो गायब झाला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे तिघंही अंतिम विजेते. शेकड्यांतून गाळून गाळून इथपर्यंत आलेले. एक उदाहरण देते. समजा दहावीला राज्यात पहिल्या आलेल्या तीन मुलांचे फक्त गणिताचे गुण मी तुम्हाला दाखवले, ९९, १००, १००, आणि विचारलं, पहिलं कोण? तुम्हाला सांगता येणार नाही. मराठीचे गुण दाखवले तर कदाचित येईल, कारण तिथे ९१, ९४, ८८ असा फरक उरलाय. यावरून 'दहावीत गणिताला महत्त्वच नाही' असं कोणी म्हणेल का? गणितानेच तर ही मुलं तिथवर पोचली. निवड होता होता ज्या गुणात सगळे सारखे होऊन जातात, तो गुण शेवटच्या टप्प्यावर भविष्य सांगायला निरुपयोगी ठरतो. आमच्या भाषेत याला पल्ला आकुंचन पावणं म्हणतात. मागच्या वर्षीच्या प्रवेशपरीक्षांवरच्या लेखात यावर बरंच लिहिलं होतं, नियमित वाचकांना आठवेल.

तिसरी गोष्ट ते सहा सेकंद. विलंबित एकतालाचं एक आवर्तन अनेकदा मिनिटभर चालतं, म्हणजे सहा सेकंदांत जेमतेम एक मात्रा. तेवढ्यात कानाने काय ठरवायचं? डोळ्याला मात्र सहा सेकंदांत बसण्याची ऐट, चेहऱ्यावरचा आत्मविश्वास, अंगाची हालचाल सगळं मिळतं.

२०१८ साली सॅम्युएल मेहर आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा केला (बघा, हा खरा 'प्रयोग क्रमांक दोन'). मूळचेच तुकडे वापरले तेव्हा निष्कर्ष पुन्हा तसाच आला. त्साय यांनी आकडे फुगवले होते असं अजिबात नाही. पण वेगळ्या प्रकारे निवडलेले तुकडे घेतल्यावर तो परिणाम तसाच टिकला नाही. परिणाम पुन्हा मिळतो पण त्याचा अर्थ फार ताणू नका, असं त्यांनी पेपरच्या शीर्षकातच सांगून टाकलंय. या दुसऱ्या पेपरची बातमी कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. नाटकाच्या दुसऱ्या प्रयोगाचं परीक्षण येत नाही, तसंच.

आता यापेक्षा मला जास्त अस्वस्थ करणारं संशोधन. ब्रुसेल्सला राणी एलिझाबेथच्या नावाने मोठी संगीत स्पर्धा होते. अंतिम फेरीत बारा जण, रोज दोन असे सहा दिवस. कोण कोणत्या दिवशी वाजवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. प्रत्येकाला एक नवीकोरी, त्या स्पर्धेसाठीच लिहून घेतलेली रचना आठवडाभर आधी मिळते, म्हणजे तयारीला वेळ सगळ्यांना सारखा. चिठ्ठीतला दिवस आणि अंगातली कला यांचा काहीही संबंध नाही. तेव्हा खूप वर्षांचे निकाल एकत्र केले तर पहिल्या दिवसवाले आणि पाचव्या दिवसवाले सरासरीने सारखेच यायला हवेत. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग यांनी १९९६ साली हे तपासलं. ते तसे येत नाहीत. पहिल्या दिवशी वाजवणारे मागे पडतात, नंतरच्या दिवशी वाजवणारे पुढे सरकतात.

इथपर्यंत 'असेल बुवा' म्हणून सोडून देता आलं असतं. पण गिन्सबर्ग आणि व्हॅन ओउर्स यांनी २००३ साली पुढचा प्रश्न विचारला. क्रमांकाचं पुढे काय होतं? वरचा क्रमांक मिळालेल्यांना पुढे जास्त यश मिळतं हे उघड आहे. पण ते चांगले होते म्हणून, की क्रमांक मिळाला म्हणून? हे दोन वेगळे कसे काढायचे? इथे चिठ्ठी कामाला आली. दिवस नशिबाने ठरतो, दिवसामुळे क्रमांक थोडा हलतो, आणि त्या हललेल्या क्रमांकामुळे पुढचं आयुष्यही हलतं का ते बघायचं. उत्तर आलं, हलतं. परीक्षकांच्या मताला स्वतःचं वजन आहे, त्यामागे गुणवत्ता किती हे बाजूला ठेवलं तरी. म्हणजे एका चिठ्ठीचा परिणाम वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगमध्ये, मैफलींच्या यादीत दिसत राहतो.

हे वाचताना पुण्यातल्या कुठल्याही माणसाच्या डोळ्यांसमोर भरत नाट्य मंदिर येईल. पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ साली सुरू केलेली आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. प्राथमिक फेरीत पन्नासेक कॉलेजं, रोज तीन एकांकिका, दोन-अडीच आठवडे हेच, त्यातून अंतिम फेरीला नऊ. क्रम लॉट्सवर. बाहेरच्यांना हे प्रकरण समजावणं कठीण आहे. एफवायपासून बॅकस्टेजला झाडू मारलेला मुलगा टीवायला दिग्दर्शन करतो, त्याच्याकडे तेवढं एकच वर्ष असतं. गॅलरीतून 'अरे आवाज कुणाचा' सुरू असतो, आणि आत विंगेत कुणीतरी पांढरंफटक पडलेलं असतं.

ब्रुसेल्सचा निष्कर्ष उचलून इथे चिकटवायचा का? नाही. तिथला परिणाम कशामुळे आला असावा याचं एक पटणारं कारण असं देतात, की ती नवी रचना परीक्षकही पहिल्या दिवशी पहिल्यांदाच ऐकत असतात. सहाव्या दिवसापर्यंत ती कानात बसते, आवडायला लागते. पुरुषोत्तमला प्रत्येक संघाची संहिता वेगळी, त्यामुळे हे कारण इथे लागूच होत नाही. उरतं दुसरं. पहिल्या दिवशी परीक्षकाकडे मोजपट्टी नसते. समोर चांगली एकांकिका आली तरी पुढे याहून चांगली येईल या विचाराने हात आखडतो. ज्यांनी कधी दहावी-बारावीचे पेपर तपासलेत त्यांना हा आखडणारा हात माहीत आहे. पहिल्या गठ्ठ्याला कडक, मग सैल, किंवा उलट. तपासायला लागणारी सामग्री अवघड नाही: वर्ष, दिवस, त्या संध्याकाळचा क्रम, गुण. आयोजकांनी संघांची नावं झाकून एवढे चार रकाने खुले केले, तर आमच्यासारख्या कुणाचंही ते एका दुपारचं काम आहे. कदाचित उत्तर 'काहीही फरक पडत नाही' असं येईल. मग तेही छातीठोक सांगता येईल, आणि दरवर्षी पहिला दिवस मिळालेल्या कॉलेजच्या कट्ट्यावर जी रडारड होते ती थांबेल.

२०२२ साली तर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्या पातळीचं काही सापडलं नाही, असा त्यांचा निर्णय. केवढा गदारोळ झाला होता! दोन वर्षं करोनात घरात बसलेली मुलं, त्यांना प्रोत्साहन द्यायचं सोडून, वगैरे. मला त्या निर्णयाबद्दल आदर वाटतो, पण वेगळ्या कारणाने. 'या नऊंत कोण वर' हे सापेक्ष माप. 'करंडकाच्या योग्यतेचं कुणी आहे का' हे निरपेक्ष माप. पहिलं माप घ्यायला नऊ एकांकिका पुरतात. दुसऱ्यासाठी परीक्षकाच्या डोक्यात गेल्या कित्येक वर्षांच्या एकांकिका ताज्या असाव्या लागतात, आणि स्मृती तर जुन्यातलं सामान्य विसरून असामान्य तेवढं जपते. तेव्हा असा निर्णय द्यायचा तर सोबत कारणं सविस्तर, लेखी आणि जाहीर हवीत. संहितेत काय कमी पडलं, बसवण्यात काय, अभिनयात काय. आमचा शोधनिबंध नाकारणारा सगळ्यात खडूस परीक्षकसुद्धा दोन पानं लिहितो. (तो स्वतःचेच तीन पेपर संदर्भात घाला म्हणतो ते सोडा.)

आता वर्तमानपत्री नाट्यपरीक्षणाकडे. माझी खरी तक्रार इथे आहे.

आपल्याकडच्या परीक्षणाचा एक साचा झालाय. तीन चतुर्थांश कथानक. मग 'पुढे काय होतं ते प्रत्यक्ष नाटकातच पाहणं इष्ट'. मग प्रत्येकाला एक ओळ वाटायची, हळदीकुंकवाच्या वाणासारखी. नेपथ्य आशयाला पूरक, प्रकाशयोजना परिणामकारक, संगीत साजेसं, वेशभूषा यथायोग्य, इतरांची साथ मोलाची. ही वाक्यं कुठल्याही नाटकाला लावा, खोटी ठरणार नाहीत. जे विधान कशानेच खोटं ठरू शकत नाही, ते काही सांगतही नाही. पातळ थरांवरच्या पेपरात मी 'उपकरण यथायोग्य होतं' असं लिहिलं तर माझी गाईड कागद तोंडावर मारेल. आणि बरोबरच करेल.

यात एक साधी गोष्ट कधीच नसते: कोणता प्रयोग? तारीख, नाट्यगृह, कितवा प्रयोग, लेखक कोणत्या रांगेत बसला होता. मी एक दोन अंकी नाटक दोनदा पाहिलंय, नाव सांगत नाही. एकदा सुदर्शन रंगमंचाच्या छोट्या जागेत, नटीच्या श्वासाचा आवाज येईल इतक्या जवळून. पुन्हा काही महिन्यांनी बालगंधर्वच्या बाल्कनीत, शेवटून दुसऱ्या रांगेतून. पहिल्या वेळी जी शांतता अंगावर आली, ती दुसऱ्या वेळी नुसता वाक्य विसरल्याचा भास देऊन गेली. संहिता तीच, नटी तीच, शांततेची लांबीसुद्धा बहुधा तीच. 'अभिनय संयत आहे' हे वाक्य पहिल्या ठिकाणी स्तुती होतं आणि दुसऱ्या ठिकाणी तक्रार. परीक्षण लिहिणाऱ्याला साधारण पुढच्या रांगांचा पास असतो. बाल्कनीतल्या माणसाने पैसे मोजलेले असतात.

मैफलींच्या बाबतीत हे आणखी ठळक. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालतोय, भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केलेला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वृत्तान्त येतो: अमुक राग, विलंबित, मग द्रुत, मग तराणा, रसिकांची उत्स्फूर्त दाद. या महोत्सवात क्रम हीच एक टिप्पणी असते. तरुण कलाकार सत्राच्या सुरुवातीला, ज्येष्ठ शेवटी. सुरुवातीला मंडप अर्धा रिकामा, लोक अजून सतरंजीवर जागा धरतायत, निम्मे खाण्याच्या स्टॉलवर. शेवटच्या कलाकाराला भरलेला, तापलेला, दाद द्यायला तयार बसलेला मंडप मिळतो. मग 'दाद' हे माप दोघांना सारखं कसं लावायचं? ब्रुसेल्सला निदान चिठ्ठी तरी होती. इथे क्रम आधीच्या मानाने ठरतो आणि नवा मान त्या क्रमातून मिळतो. गोल.

वेळेचंही तसंच. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चालायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाची मर्यादा आली (काही दिवस बारापर्यंत सूट मिळते). याचा अर्थ उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला तिथे ऐकायची सोय गेली. जुने जाणकार 'ते दिवस गेले' म्हणतात तेव्हा त्यात कितीसा गायकीचा ऱ्हास आणि कितीसा घड्याळाचा, हे कुणी वेगळं करून लिहीत नाही. मला स्वतःला वाटतं बराचसा घड्याळाचा, आणि थोडा ते लोक तेव्हा पंचविशीत होते याचा.

पूर्वप्रसिद्धीबद्दल थोडक्यात. प्रयोगाच्या आधी येणारा मजकूर हल्ली नंतर येणाऱ्या मजकुरापेक्षा जास्त दिसतो. 'काहीतरी वेगळं घेऊन येतोय' छापाच्या मुलाखती, तालमीचे फोटो. त्यातून काय होतं? २००६ साली 'सायन्स'मध्ये सॅलगनिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा एक पेपर आला. चौदा हजारांवर लोक, अनोळखी बँडची ४८ गाणी. काहींना फक्त गाणी दिली. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगांत' वाटलं, जिथे आपल्या जगातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं हे दिसत होतं. आठही जगांत गाणी तीच, पण लोकप्रिय ठरलेली गाणी वेगवेगळी. फार चांगली गाणी सहसा पार बुडाली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. मराठी नाटकांतली बहुसंख्य अशीच मधली असतात, आणि 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड, पहिल्या आठवड्यातले चार शब्द यांनी त्यांचं नशीब ठरतं. म्हणून त्या चार शब्दांची जबाबदारी मोठी. त्या शब्दांवर नेपथ्य लादून टेम्पोने गावोगाव फिरणाऱ्या माणसांचं पोट असतं.

मग काय, परीक्षण लिहूच नये? उलट, जास्त लिहावं. फक्त निकालपत्र म्हणून लिहिण्याऐवजी नोंद म्हणून लिहावं. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरातच झाला, माझ्या जन्माच्या पंचवीसेक वर्षं आधी. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवलं आणि १९७४ च्या जानेवारीत थिएटर अकॅडमीने पुन्हा उभं केलं. ती माणसांची भिंत, ब्राह्मणांची ओळ जी गाते, डुलते, पाठ फिरवते आणि मागचं पाप झाकते, ती मला डोळ्यांसमोर उभी करता येते, कारण बघणाऱ्यांनी ती तपशिलात लिहून ठेवली. ओळ कशी उभी होती, कधी फुटायची, मग मागे काय दिसायचं. त्या लिहिणाऱ्यांना नाटक आवडलं की नाही, ते इतिहासाचा विपर्यास वाटलं की नाही, याच्याशी मी आज सहमत असेन-नसेन. पण त्यांचं वर्णन मला वापरता येतं. मत जुनं झालं, नोंद कामी आली. 'नेपथ्य पूरक' एवढंच लिहून कुणी थांबलं असतं तर माझ्या हाती काहीच उरलं नसतं.

तेव्हा परीक्षणाच्या डोक्यावर दोन ओळींची चौकट टाकायला काय हरकत आहे: कितवा प्रयोग, कुठे, कधी, कुठून पाहिला, तिकीट काढून की पासवर, प्रेक्षागृह साधारण किती भरलं होतं. आमच्या पेपरांत याला 'साहित्य आणि पद्धती' म्हणतात आणि हा भाग सगळ्यात कंटाळवाणा असतो. पण कुणाला प्रयोग पुन्हा करायचा असेल तर आधी तोच वाचला जातो. आणि शक्य असेल त्याने पन्नासाव्या प्रयोगाला पुन्हा जावं. नट बदललेला असतो, पंधरा मिनिटं कापलेली असतात, हशा वेगळ्याच जागी यायला लागलेला असतो.

एका वाचकाची मदत हवी आहे, किंवा बऱ्याच वाचकांची. एकाच नाटकावर, वेगवेगळ्या प्रयोगांनंतर, वेगवेगळ्या गावांत लिहिलेली परीक्षणं कुणाच्या घरी कात्रणांत असतील तर फोटो काढून पाठवा. नाटक कुठलंही चालेल, साल कुठलंही. तारीख आणि गाव दिसेल एवढं बघा, आणि कात्रणाच्या मागे कांद्याचे भाव छापलेले असतील तर तेही येऊ द्या, त्यावरून तारीख लावता येते.